छत पडलं ते वर्ष

कार्यक्रम बसवणाऱ्या मृणालताईंनी माझ्या नऊ वर्षांच्या सावळ्या लेकीच्या गालावर काजळाचं बोट ओढलं आणि म्हणाल्या, "हिला फार लावावं लागणार नाही. दोन बोटांत भागेल." चार बायका हसल्या. मीही हसले. बाई गं, मीसुद्धा! त्या हसण्याची मला अजून किळस येते.

इथे परदेशात, जॉन्सनव्हिलचा हॉल. आमच्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. प्रत्येक घराने आपल्या जिल्ह्याचं एक वर्ष पाच मिनिटांत सांगायचं, असं ठरलं होतं. मी चंद्रपूरकडची, कोळशाच्या पट्ट्यातली. इथे हॉस्पिटलात नर्स आहे. सात वर्षं मंडळातल्या या पुण्या-मुंबईच्या लोकांना मी "नागपूरची" एवढंच सांगत आले. खाण म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "वडील इंजिनिअर का?" आणि माझा बाप लोडर. फावड्याने कोळसा रुळांवरच्या टबात भरणारा. 'काहून'चं 'का' केलं, 'माहा'चं 'माझा' केलं, यांच्यासारखं बोलायला शिकले. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. आपणच मान वाकवली की लोक काय, बसतातच मानेवर.

यंदा मात्र धीर करून खरं वर्ष लिहून दिलं. मी आठवीत होते, तेव्हा खाणीत छत पडलं. तीन माणसं खालीच राहिली. देवराव, सुखदेव, मल्लेश. बाबांच्याच पाळीतले. आणि त्याच आठवड्यात साहेबांच्या क्लबात विक्रमी उत्पादनाचा सत्कार झाला. कामगारांना पेढ्यांचे डबे वाटले. बाबांनी डबा घरी आणला आणि न उघडताच नालीत फेकला. आम्ही भावंडं पेढ्यासाठी रडलो. बाबा म्हणाले, "खालच्या माणसाले वरचे नुसते मोजतेत. ओयखत नाई."

हे सगळं मी लिहिलं होतं. स्टेजवर जायच्या आधी मृणालताईंनी माझाच कागद टाइप करून माझ्या हातात ठेवला. "त्या वर्षी विक्रमी कोळसा निघाला आणि पुण्या-मुंबईचे दिवे उजळले." बस, एवढंच. आणि शेजारी माझी लेक उभी राहणार, तोंडाला काजळ फासून, डोक्यावर खाणकामगाराची प्लॅस्टिकची टोपी घालून.

"ताई, छताचं कुठंय?"

"काढलं गं. सणाच्या दिवशी रडगाणं कशाला? लोकांना जेवायचंय."

अर्ध्या तासापूर्वी याच हॉलमध्ये पुण्याचं, पानशेतचं धरण फुटल्याचं वर्ष झालं होतं. मृणालताईंनीच सांगितलं होतं. सगळे मिनिटभर उभे राहिले होते, मीही राहिले होते. त्यांचा पूर म्हणजे इतिहास, आणि आमची माणसं म्हणजे रडगाणं! वा रे वा! माझं डोकंच फिरलं.

लेकीने माझी बाही ओढली. तिला मराठी कळतं, पण उत्तरं इंग्लिशमध्येच येतात. "मम, इज दिस आजोबा? आर दे लाफिंग ॲट हिम?"

"येस," मी म्हटलं. लेकीशी खोटं बोलणं जमलं नाही.

पर्समधून वाइप्स काढले. तिचा गाल खसाखसा पुसला. टोपी काढली. टाइप केलेला कागद मृणालताईंच्या हातात दिला आणि स्टेजवर गेले. माईकसमोर त्यांची मराठी तोंडात येईना. "माहा बाप लोडर होता," म्हटलं. "त्या साली खाणीत छत पडलं." तिन्ही नावं घेतली. सुखदेवकाकांची बायको दोन दिवस खाणीच्या गेटवर बसून होती आणि तिला कुणी आत घेतलं नाही, ते सांगितलं. पेढ्यांचं सांगितलं. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "वहिनी, वेळ संपला." म्हटलं, "संपू दे."

टाळ्या नाहीत. खुर्च्या सरकल्या, लोक ताटं घ्यायला उठले. मृणालताई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आपल्याच माणसांत असं वागतात का गं? मी तर प्रेमाने केलं."

"आपल्या माणसांत मला घेतलं कधी होतं, ताई?" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवरून मला काढून टाकलं.

काढा. छत पडलं तो दिवस मला तारखेनिशी पाठ आहे. त्या दिवसासाठी तोच हॉल मी बुक केलाय, माझ्या नावाने. तिघांची नावं लेक वाचणार आहे. 'मल्लेश' नीट म्हणायला शिकतेय. मृणालताईंनाही बोलावलंय. आल्या तर बसतील, नाही आल्या तर अडणार नाही. पण यावेळी कागद माझा असेल, आणि त्यातली एक ओळ मी कुणाच्या बापाला काढू देणार नाही.