बोरहाळची होडी

ज्या गावात चैत्र लागला की विहिरीत घागरीआधी माणूस उतरवावं लागायचं, त्या गावात सारजाबाईनं होडी घेतली. माल वाहायला न्हाय, मासे धरायला न्हाय, बसून फिरायला. नुसतं फिरायला! मुरूमच्या बाजारात लोक तिच्या नवऱ्याला वाटेत अडवून विचारायचे, "काय हिंमतराव, आता विमान कवा आणणार?"

हिंमतराव गरीब स्वभावाचे. पाण्याला तर इतके भिणारे की डोक्यावर तांब्या ओततानासुद्धा डोळे मिटायचे न्हाईत. ते शांतपणे म्हणायचे, "घरात इचारून सांगतो."

बोरहाळच्या मागं एक तलाव आहे. निजामाच्या राज्यात तो जागीरदाराचा होता, अन् त्यात जागीरदाराची सैर करायची होडी होती. गाद्या, लोड, पानाचा डबा, हैदराबादचे पाहुणे. सारजाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा एकदा डोक्यावर घागर घेऊन बांधावर थबकली. होडी पाण्यावरून अशी सरकत होती, की जणू कुणी ताटातलं तूप बोटानं लोटतंय. तेवढ्यात शिपाई खेकसला, "ए बाई, डोळे खाली!"

तिनं डोळे खाली घातले. पण होडी डोळ्यांतच राहिली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, जागीर गेली, जागीरदार बाडबिस्तरा घेऊन हैदराबादेला गेला. मराठी राज्य झालं त्या साली माघात त्याच्या उरल्यासुरल्या सामानाची हर्रास झाली. खुर्च्या गेल्या, आरसे गेले, हंड्या-झुंबरं गेली. राहिली होडी. ती तलावाच्या कोपऱ्यातल्या डोहात दगडं भरून बुडालेली. काठ तेवढा वर दिसायचा, म्हैस बसल्यावर पाठ दिसावी तसा. तिला सांभाळणारा म्हातारा नावाडी मरून दोन-तीन वर्षं झाली होती. बोली लावायला कुणी पुढं येईना.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून सारजाबाई बोलली. एका दुभत्या शेळीला पडतील एवढे पैसे. लोणी-तूप विकून गाठीला बांधलेले.

कारकून हिंमतरावांकडं वळला. "मालक, बोली तुमची का बाईंची?"

"तोंड तिचं, पैसाबी तिचाच," हिंमतराव म्हणाले. "माझा नुसता अंगठा."

सारजाबाईनं डोहात उतरून एकेक दगड बाहेर काढला अन् मेलेल्या नावाड्याला मनसोक्त शिव्या दिल्या. "मुडद्यानं सोन्यासारखी वस्तू कुजवत ठिवली की वो!" मग होडी गाडीवर घालून घरी आणली अन् खळ्यात उन्हाला पालथी घातली. ओलं लाकूड कुजतं, हे बोरहाळात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. औत असो, पेरणीची पांभर असो, खाट असो, वाळवून ठेवली की टिकते. माघ ते ज्येष्ठ होडी उन्हं खात पडली, पाऊस लागला तशी छपराखाली गेली. सारजाबाई तिला कधी उताणी करी, कधी पालथी. बोटानं टिचकी मारी अन् म्हणे, "बगा, कशी टणटण वाजती! आता शंभर वरसं मरान न्हाय हिला."

होडी शेळीच्या भावात आली खरी, पण खायला लागली म्हशीसारखी. तिच्या अंगाला जवसाचं तेल लागायचं, अन् तेल पिताना तिला पोटच नाही असं वाटायचं. हिरवा रंग उमरग्याहून आणावा लागला. दोरखंड लागलं, साखळी लागली. वल्ही करायला उत्तरेश्वर सुताराला बसवलं. त्यानं जन्मात औतं अन् खाटा सोडून काही केलेलं नव्हतं. पहिली जोडी झाली ती बघून सारजाबाई म्हणाली, "उत्तरेश्वरा, ह्यानं पुरण ढवळायचंय व्हय रे?" दुसरी जोडी बरी झाली. पैसे दोन्हींचे द्यावे लागले.

हिंमतराव एकदा हळूच म्हणाले, "म्हैस खाती, पण दूध तरी देती."

"गाडीला वंगण घालता, तवा गाडी दूध देती का?"

हिंमतराव बैलांना पाणी दाखवायला गेले.

सारजाबाईच्या मनात काय होतं ते तिनं आषाढाच्या शेवटी सांगितलं. नागपंचमीला गावात माहेरवाशिणी येतात, झाडाला झोके बांधतात. ती म्हणाली, "झोका जातो कुठं? जातो अन् हितंच येतो. होडी तरी पलीकडच्या काठाला लावती. येईल त्या पोरीला म्या होडीत बसविणार. फुकट!"

ही बातमी सरपंचांच्या दुकानापर्यंत गेली. सरपंच मल्लिकार्जुनअण्णा म्हणजे किराणा दुकानदार, मीठसुद्धा दोनदा जोखणारा माणूस. वाईट नव्हे, पण भिऊन वागणारा. ते संध्याकाळी छत्री काखेत धरून आले अन् होडीभोवती एक फेरा मारून म्हणाले, "सारजाक्का, तुमचा शौक तुमच्यापाशी. पण पंचमीला येणाऱ्या पोरी कुणाच्या? जन्मल्या आपल्याकडं, पण आता दुसऱ्याच्या घरच्या. माझी वनमाला अक्कलकोटाकडं दिलेली. काही बरंवाईट झालं, तर तिच्या सासरी काय सांगू? पोरगी घ्यायला आलेल्यांच्या हाती पोरीच्या जागी होडीचा हिरवा रंग देऊ?"

"मग काय करू म्हणता?"

"उमरग्याच्या सडकेनं जाणाऱ्या ट्रकाचासुद्धा विमा असतो. होडीचा विमा काढा, मग खुशाल बसवा. न्हायतर तलाव आता पंचायतीचा हाय. होडी पाण्यात घालू देणार न्हाय."

"अन् विमा न्हाय निघाला तर?"

अण्णांनी होडीवर हात फिरवला. "सागवान चांगलं हाय. दारं करा."

सारजाबाईच्या काळजात ते दार कुणीतरी आपटावं तसं झालं. पण तिनं चहा टाकला, अण्णांना पाजला, अन् दुसऱ्या दिवशी हिंमतरावांना उमरग्याला धाडलं.

उमरग्यात ट्रकांचे विमे काढायला सोलापूरहून एक एजंट यायचा, रामलिंग नावाचा. हिंमतराव त्याला घेऊनच आले. अंगणात येताच त्यानं विचारलं, "ट्रक कुठाय?"

"ट्रक न्हाय. होडी."

माणूस हसला नाही, हे सारजाबाईला आवडलं. तो खाटेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली अन् विचार करून म्हणाला, "कंपनीकडं समुद्रातल्या होड्यांचे विमे होतात. तलावातल्या होडीचा मी तरी काढलेला नाही. पण निघू नये असं काही नाही. बाई, विम्यात दोन गोष्टी असतात. होडी स्वतः बुडाली, जळाली, चोरीला गेली तर तिची भरपाई..."

"चोरीला? चोरून नेणारा तिला ठिवील कुठं, परातीत?"

"...अन् दुसरी, बसणाऱ्यांना काही इजा झाली तर त्यांचा जिम्मा. होडीचा हप्ता बारका, जिम्म्याचा मोठा. सगळे होडीची फिकीर करतात, अन् खरी फिकीर बसणाऱ्याची असते."

"हेच आमचे अण्णाबी बोलले," सारजाबाई म्हणाली. सरपंच बरोबर बोलला होता, हे तिला त्या वेळी कळलं अन् थोडं झोंबलंही.

रामलिंग म्हणाला, "मला होडी पाण्यावर बघावी लागेल. आत पाणी येता कामा नये. चालवणारा पट्टीचा पोहणारा पाहिजे. अन् बसणाऱ्याला तरंगायला काहीतरी पाहिजे. एवढं असलं तर मी शिफारस लिहीन. नसलं तर नाही लिहिणार. मग रागवायचं नाही."

"चला की मग, आत्ताच!"

अख्खं गाव तलावावर लोटलं. हिंमतरावांनी गाडी गुडघाभर पाण्यात नेली, गड्यांनी होडी उतरवली. हिरवीगार, तेलानं चकचकणारी होडी पाण्यावर डौलात डुलली. सारजाबाईची मान ताठ झाली. गावात विहिरीचा गाळ काढणारा अन् पोरांना पोहायला शिकवणारा बलभीम वल्ही घेऊन आत चढला.

अन् मग होडी प्यायला लागली. प्रत्येक फळीच्या सांध्यातून पाणी आत. बलभीमाचे पाय बुडाले, पोटऱ्या बुडाल्या, अन् काठापासून चार हातांवर होडी त्याच्यासकट शांतपणे खाली बसली. बलभीम पाण्यात उभाच होता. वल्ही खांद्यावर, पांभर टाकून आलेल्या शेतकऱ्यासारखा.

काठावर हसण्याचा एकच गदारोळ झाला. "अवं, हिला तर पीठ चाळायला घ्यायला पायजे!" कुणीतरी ओरडलं. मल्लिकार्जुनअण्णा तेवढे हसले नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सारजाक्का, वाईट वाटून घेऊ नका. दारंसुद्धा चांगलीच होतील."

रामलिंगानं टोपी घातली. "मी मुरूमच्या बाजाराला निघतो, बाई."

सारजाबाईनं नजर कुठंतरी टेकवायची म्हणून गाडीवर टेकवली. होडी उतरवून झाली तरी हिंमतरावांनी गाडी पाण्यातून काढली नव्हती. बैल सोडले होते, अन् गाडी तशीच चाकं बुडवून उभी.

"आवं," ती म्हणाली, "गाडी पाण्यात कामून उभी केलीय?"

"चाकं खुळखुळ करायलेत. उन्हानं लाकूड वाळलं की आकसतं, वरची लोखंडी धाव सैल पडती. भिजलं की लाकूड फुगतं अन् धाव घट्ट बसती. तुला ठाव न्हाय व्हय? जन्मभर बघतीस की!"

सारजाबाईनं चाकाकडं बघितलं. मग होडीकडं. मग तिथल्या कोपऱ्यातल्या डोहाकडं, जिथं अजून तिनंच काढून फेकलेले दगड पडले होते.

"माझ्या कर्मा!" तिनं कपाळाला हात लावला. "त्या नावाड्यानं हिला बुडवून ठिवली न्हवती, जपून ठिवली हुती! अन् म्या हिला पापडावानी वाळिवली!"

अन् ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, पोट धरून, काठावरच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा. हसू थांबल्यावर म्हणाली, "साहेब, तुमी बाजार करून पंचमीला परत या. तवर ही हितंच बुडून ऱ्हाऊ द्या."

"बुडालेल्या होडीचा विमा काढायला परत येऊ?"

"बुडालेलीचा न्हाय. बुडून उठलेलीचा."

रामलिंगानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "येतो," म्हणाला.

त्याच दगडांनी होडी पुन्हा डोहात दाबून ठेवली. सारजाबाईनं काठावर नावाड्याच्या नावानं भाकरतुकडा ठेवला अन् दिलेल्या शिव्या परत घेतल्या. मग ती घरोघर हिंडली. बोरहाळची पोरं विहिरीत पोहायला शिकताना कमरेला वाळका भोपळा बांधतात. प्रत्येक घराच्या आढ्याला एक तरी टांगलेला असतो. सारजाबाईनं मिळेल तेवढे भोपळे गोळा केले अन् गोफाच्या दोरीनं त्यांच्या जोड्या बांधल्या.

पंचमीच्या सकाळी दगड काढले, घमेल्यांनी पाणी उपसलं. होडी वर आली. सारजाबाईनं आत उतरून सांध्या-सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं. बलभीमानं तिला तलावाच्या मध्यापर्यंत नेलं अन् परत आणलं. तळाशी वाटीभरसुद्धा पाणी नव्हतं.

काठावर माहेरवाशिणी जमल्या होत्या. नव्या बांगड्या, मेंदीचे हात. वनमाला सगळ्यांत पुढं, अन् तिच्यामागं छत्री घट्ट धरलेले मल्लिकार्जुनअण्णा. पण सारजाबाईनं सगळ्यांना थांबवलं. "आदी साहेब."

रामलिंग चपापला. "मी?"

"शिफारस तुमची. मग बसायचं कुणी?" तिनं त्याच्या कमरेला भोपळ्यांची जोडी बांधली, कोटावरूनच. "तुमी सोताचा विमा काढलाय न्हवं?"

"काढलाय की."

"मग भ्यायचं काय? अन् हा भोपळ्याचा विमा तर आमच्याकडून फुकट."

एजंटसाहेब दोन भोपळे लावून तलावाला फेरी मारून आले. उतरताना धोतर कोरडं होतं. काठावरच बसून त्यांनी शिफारस लिहिली, अन् हप्त्याचा आकडा सांगितला. हिंमतरावांनी डोळे मिटले. एरवी अंघोळीलासुद्धा मिटत नव्हते ते डोळे!

सारजाबाई मात्र विचारात पडली. "साहेब, ह्यो हप्ता साऱ्या सालाचा का?"

"हो."

"पण आमच्या तलावात फिरण्याएवढं पाणी शिमग्यापतूर. शिमग्याला मीच हिला डोहात दगडं घालून बुडवणार. पावसाळ्यात तलाव भरंस्तवर ती उठणार न्हाय. बुडवून ठिवलेल्या होडीचा विमा कामून भरू? ती आनखी बुडंल कुठं?"

रामलिंगानं पेन थांबवलं. मग मोठ्यानं हसला. "बाई, समुद्रावर पावसाळ्यात होड्या काठावर ओढून ठेवतात, तेव्हा कंपनी हप्ता कमी करते. तुम्ही उन्हाळ्यात पाण्याखाली ठेवता, एवढाच फरक. मी तसं लिहितो."

अन् त्यानं तसं लिहिलं. महिनाभरात सोलापूरहून मंजुरीही आली, कमी हप्त्यात.

पण ती नंतरची गोष्ट. त्या दिवशी अण्णा पुढं झाले अन् घसा खाकरून म्हणाले, "सारजाक्का, शिफारस झाली खरी, पण कंपनीची मंजुरी यायची हाय. मी विमा पाहिजे म्हणालो होतो."

"व्हय अण्णा. तुमी म्हणाल तर मंजुरी येईस्तवर थांबते."

वनमालेनं बापाकडं बघितलं. अण्णांनी होडीकडं बघितलं, बलभीमाकडं, भोपळ्यांकडं, अन् शेवटी एजंटाच्या कोरड्या धोतराकडं. छत्री खाली ठेवली. "ह्या वर्षीचा जिम्मा माझा. बांधा सारजाक्का, माझ्या लेकीला भोपळा. पण दोन जोड्या बांधा!" मग म्हणाले, "अन् हप्त्यातला अर्धा पंचायत भरील."

"न्हाय अण्णा. होडी माझी, हप्ता म्या भरीन. पंचायतीनं चढायला दगडी पायऱ्या बांधाव्या."

दिवसभर माहेरवाशिणी फेऱ्यांवर फेऱ्या मारत होत्या. हसणं अन् गाणी पार गावात ऐकू येत होती. झोके तसेच रिकामे लोंबत राहिले. ऊन कलल्यावर शेवटच्या फेरीला सारजाबाई स्वतः बसली. तिच्या शेजारी हिंमतराव. कमरेला दोन भोपळे, मांडीवर दोन, अन् एक छातीशी कवटाळलेला.

होडी बांधाजवळून गेली, जिथं कधीकाळी शिपाई खेकसला होता. तिथं आता कुणी नव्हतं. एक बाई घागर घेऊन तेवढी थबकून बघत होती. सारजाबाईनं मान वर ठेवली, डोळे वर ठेवले, अन् तिला हाक मारली, "बग की, खुशाल बग! उद्या तुझा नंबर!"

शिमग्याला होडी ठरल्याप्रमाणं बुडवली. मुरूमच्या बाजारात कुणीतरी हिंमतरावांना छेडलं, "काय हो, बुडाली म्हणं तुमची होडी?"

"व्हय की," हिंमतराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी घरात विचारून सांगतो असं म्हटलं नाही. "लई चांगली बुडालीय."