चौथ्या रेघेतली फट

माझे धाकटे दीर शेजाऱ्यांना वर्तमानपत्र वाचायला देत, पण ते परत आलं की पानं मोजून घेत. गल्लीत त्यांना सगळे भिंग म्हणत. अर्थात, पाठीमागे.

तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात थरथरायला लागला तेव्हा शिडी माळ्यावर टाकली आणि माझ्या मागच्या खोलीत संगणक मांडला. साठीला टेकलेला माणूस पुस्तकं आणून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायला शिकला. संगणकावर चित्रं काढणाऱ्यांनाही ब्रश लागतात. पेन दाबलं की रेघ किती जाड व्हावी, रंग संपत आला की ती कशी विरावी, हे सगळं त्या स्क्रिप्टमध्ये ओळींनी लिहावं लागतं. सुकत आलेल्या ब्रशाचे केस कसे फाकतात ते भावजींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांचा ब्रश अकरा चित्रकारांनी घेतला. पहिली माझी मुलगी. ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. कुणी ब्रश चोरून वाटेल या धास्तीने भावजींनी प्रत्येकाच्या प्रतीत एक चोरखूण घातली. ठरावीक रेघांनंतर एका रेघेत केसाएवढी फट पडायची. कुणाच्या सातव्या, कुणाच्या नवव्या. माझ्या मुलीच्या चौथ्या. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, तेही दार लावून.

एका दुपारी तोच ब्रश इंटरनेटवर कुणीतरी फुकट वाटताना त्यांना दिसला. त्यांनी तो उतरवून घेतला, रेघा ओढल्या आणि मला हाक मारली.

"मोजा, वहिनी."

दर चौथ्या रेघेत फट होती.

"घरचाच भेदी," ते म्हणाले.

"ती असं करायची नाही."

"मीही असंच म्हणत होतो. कालपर्यंत."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. गेल्या महिन्यात मुलीकडे एक नवा मित्र येऊन बसत असे, तोही चित्रकार. रविवारी ती आली. भावजी खोलीबाहेर आले नाहीत. स्वयंपाकघरात मी विचारलं, "काकांचा ब्रश कुणाला दिलास का गं?"

तिने कप खाली ठेवला. "काकांनी विचारायला सांगितलं?"

"नाही. मीच विचारतेय."

"बरं," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून चपला घालून निघून गेली.

मी तडक मागच्या खोलीत गेले. "भावजी, बाकीच्या दहा जणांच्या खुणा बघितल्यात?"

"मीच घातल्यात, त्या बघायच्या कशाला?"

"जगावर संशय, तेवढा स्वतःवर नाही. उघडा बघू."

कुरकुरत त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाची प्रत उघडली. रेघा ओढल्या. चौथ्या रेघेत फट. तिसऱ्याची उघडली, तेच. पाचव्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं. मुलीच्या प्रतीवर चाचणी घेताना त्यांनी, जिथे प्रत्येकाच्या खुणेचा वेगळा आकडा यायचा, तिथे हाताने चार लिहिला होता. पुढे तीच स्क्रिप्ट सगळ्यांसाठी उतरवली आणि चार काढायचा राहिला. अकरा ब्रश, खूण एकच. चोर अकरांपैकी कुणीही असेल, आता कळायला मार्ग नाही.

त्यांनी लगेच मुलीला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून. खुणेची सगळी हकीकत सांगितली. "चूक माझी, बाळ. आकडा बदलायचा राहिला."

"आकडा चुकला म्हणून फोन केलात, काका. चुकला नसता तर?"

भावजींनी स्क्रीनवरची प्रत बंद केली.

"तुमचा ब्रश मी काढून टाकते. हातातलं पुस्तक दुसऱ्या ब्रशाने पहिल्या पानापासून काढीन."

"अगं, इतकी पानं झाल्यावर?"

"हो. नाहीतर दर चौथ्या रेघेला माझा हात अडेल." मग तिने विचारलं, "आई आहे का तिथे?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला.

"बोल," मी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "आधी तू बोल."