नऊ महिन्यांच्या पगाराचं घड्याळ

कोरेगावात जोतीराम फडतरे म्हटलं तर चारचौघांना पटकन कळायचं नाही. ‘सुभेदाराचा जावई’ म्हटलं की कळायचं. पंच्याहत्तरी आली, सासऱ्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी माणूस जावईच राहिला.

तो मूळचा मिरजेकडचा. सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत फिटर होता. कुठल्या मशीनचा आवाज बिघडलाय हे त्याला लांबून कळायचं. पगार दीडशे रुपये. चौऱ्याहत्तर साली त्याला सुभेदार नाथाजींच्या मुलीचं स्थळ आलं. नाथाजी पलटणीतून निवृत्त झालेला, सहा एकर ऊस, आणि लेक एकुलती एक. बोलणी झाली ती अशी, की जावयानं दोन वर्षं कोरेगावात राहून शेती मार्गी लावायची, मग खुशाल सांगलीला बिऱ्हाड करायचं.

लग्नात भर मांडवात नाथाजीनं जावयाच्या मनगटावर सोन्याचं घड्याळ बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “साडेतेराशेचं हाय. जावयाचा नऊ म्हैन्याचा पगार!”

मांडव हसला. जोतीरामही हसला. त्या हसण्यात आपण काय कबूल करून बसलो, हे त्याला तेव्हा उमगलं नाही.

दोनाची चार वर्षं झाली, चाराची सात. सांगलीचं नाव काढलं की नाथाजी आवाज न चढवता म्हणायचा, “जा की. घड्याळ तेवढं ठिवून जा.” बाजारच्या दिवशी ते घातल्याशिवाय तो जावयाला बाहेर पडू द्यायचा नाही. साफसफाईला मात्र घड्याळ स्वतःच साताऱ्याला घेऊन जायचा. लोक आडून म्हणायचे, “सुभेदारानं बैल घेतला, पर सोन्याच्या घुंगरासकट.” जोतीरामच्या कानावर ते यायचंच.

एक्क्याऐंशी साली गिरणीतून पत्र आलं. जुना मुकादम निवृत्त होत होता, जागा रिकामी होती. जोतीरामनं त्या दिवशी घड्याळ देवापुढं ठेवलं, कुणाशी न बोलता स्टेशन गाठलं आणि मिरजेकडची पॅसेंजर यायची वाट बघत बाकावर बसला. गाडीला उशीर होता. तेवढ्यात त्याची बायको संयोगिता आली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घड्याळ.

“आबांनी दिलंय,” एवढंच ती म्हणाली आणि उभी राहिली.

जोतीरामनं तिच्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. मग मनगट पुढं केलं. तिनं घड्याळ बांधलं. गाडी आली आणि गेली. तिघं चालत घरी आले. त्यानंतर त्यानं सांगलीचं नाव काढलं नाही.

यंदा सोन्याचा भाव गगनाला भिडला. साताऱ्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं अठरा हजारांवर राबणारा नातू, विश्वजीत, एक दिवस म्हणाला, “आजोबा, कपाटातल्या त्या घड्याळाची किंमत तरी काढून आणा.” सासरा गेल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. जोतीराम ते रुमालात गुंडाळून साताऱ्याला गेला. राजवाड्याजवळच्या एका गल्लीत वजीरभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं.

वजीरभाईंनी वजनकाटा पुढं ओढून घड्याळ तोललं, डोळ्याला भिंग लावलं. “तात्या, अठरा कॅरेटचं हाय. नुसतं सोनंच सव्वा लाखाच्या घरात जातंय. शौकीन गिऱ्हाईक मिळालं तर दीडपर्यंत बी. कितीला घेतलेलं?”

“साडेतेराशे. माझा नऊ महिन्यांचा पगार. आता नातवानं किंमत काढायला धाडलंय.”

“आन् आता नातवाचा किती म्हैन्याचा?”

जोतीरामनं मनात हिशोब केला. “सात महिन्यांचा.”

“बघा. भाव नव्वद पटीनं वाढला, तरी पगाराच्या मापानं घड्याळ स्वस्तच झालं.” वजीरभाईंनी पातीनं मागचं झाकण उचललं आणि थांबले. “तुमचं नाव काय म्हणालात?”

“जोतीराम.”

त्यांनी भिंग त्याच्या हाती दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलं होतं: ‘चि. जयराज यांस. १९७२.’

येताना एसटीत जोतीरामला जागा मिळाली होती, तरी तो कोरेगाव येईपर्यंत उभाच राहिला. घरी संयोगिता शेंगा फोडत बसली होती. त्यानं विचारलं, “जयराज कोण?”

तिचा हात थांबला नाही. “रहिमतपूरचा. तुमच्या आधी ठरलेलं. साखरपुड्यातच आबांनी घड्याळ दिलं आन् हितंच ऱ्हायचं म्हणाले. त्यानं आठ दिसांत परत धाडलं.”

“परत धाडलं?”

“व्हय. चिठ्ठी बी न्हाई. नुसतं घड्याळ.”

जोतीराम उंबऱ्यावर टेकला. सोनं दुसऱ्यासाठी घेतलेलं होतं याचं त्याला एवढं वाटलं नाही. पण एक माणूस ते परत करून मोकळा झाला होता, आठ दिवसांत. आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

“मला कधी बोलली न्हाईस.”

“बोलून काय झालं असतं? मला वाटायचं, तुमी बी कराल परत.” आता तिनं शेंगा बाजूला सारल्या. “ठेसनावर आले तवा पिशवीत माझी दोन लुगडी हुती, पोराचं अंगडं हुतं. आबांनी घड्याळ द्यायला धाडलं, मी ते सोबत घिऊन आले. वाटलं, तुमी म्हणाल, फेक ते आन् चल गाडीत. तुमी मनगट म्होरं केलंसा.”

“मला वाटलं, तू न्यायला आलीस.”

“आवं, मी बी जायलाच आलते.”

बाहेर विश्वजीतची मोटरसायकल थांबली, म्हणून तिनं डोळे पुसले आणि पुन्हा शेंगा ओढून घेतल्या.

महिन्याभरानं घड्याळ पुण्याच्या एका डॉक्टरनं एक लाख चाळीस हजारांना नेलं. जोतीरामच्या मनात होतं, ते पैसे विश्वजीतच्या हातात ठेवावेत आणि म्हणावं, पोरा, चाकणला जा, कुठंही जा, पण नीघ. तसं तो बोललाही. पण त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटर जळाली, मुलगा म्हणाला ऊस वाळून चाललाय, आणि ठिबकाच्या नळ्यांसकट सगळी रक्कम त्याच सहा एकरांत गेली. आता सुट्टीच्या दिवशी पाणी धरायला विश्वजीतच जातो.

एका सकाळी जोतीराम संयोगिताला म्हणाला, “सांगलीला जाऊन येऊया का? नुसतं बघून?”

“काय बघायचं? गिरणी तर कवाच बंद पडली.” तिनं गुडघ्याला तेल चोळत म्हटलं, “आन् आज ऊसतोडीची टोळी यायची हाय. फडात कोण ऱ्हानार?”

जोतीरामनं टोपी घातली आणि फडाकडं निघाला.