छापील ‘होय’ आणि तळघरातला पंप

तीस वर्षं बातमीदारी केली म्हटल्यावर लोकांना वाटतं, याच्याकडे मंत्र्यांचे किस्से असतील. आहेत, पण ते सगळे एकाच मापाचे आहेत. माझ्याकडे सगळ्यात जास्त किस्से साठलेत ते आमच्या सांगवीतल्या सोसायटीच्या तळघरातल्या पंपाचे. त्यातला एकही मी शोधायला गेलो नव्हतो. तळघरात पाणी जसं न बोलावता येतं, तसेच तेही आले.

आधी सोसायटी सांगतो. फ्लॅट बावन्न आणि इंजिनिअर मोजले तर साठ. पिंपरीपासून चाकणपर्यंत एकही कंपनी अशी नसेल, जिथला माणूस आमच्याकडे राहत नाही. कुणी प्रेस शॉपमधला, कुणी पेंट शॉपमधला, कुणी मेंटेनन्समधून रिटायर झालेला. त्यामुळे पंप बिघडला की निदान साठजण करतात आणि दुरुस्ती कुणीच करत नाही.

* * *

सुरुवात पाण्यानं झाली. भर दुपारी धो धो पाऊस आला आणि नेमाप्रमाणे लाईट गेली. तळघरातला पंप विजेवरचा. म्हणजे ज्या वेळी त्याची गरज, नेमका त्याच वेळी तो सुट्टीवर. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी चढलं. तीन मोटारी आणि रांगेतल्या सगळ्या स्कूटर गेल्या.

संध्याकाळी मीटिंग बसली. आमचे सेक्रेटरी देशमुख चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये होते. माल नापास करायची सवय रिटायर झाल्यावरही गेलेली नाही. त्यांनी वॉचमनला उभं केलं.

वॉचमन नामदेव जिंतूरकडचा. गेटजवळच्या एका खोलीत बायको आणि दहावीतली मुलगी घेऊन राहतो.

“लाईट गेली तेव्हा तू कुठं होतास?” देशमुखांनी विचारलं.

“इथंच होतो की साहेब. लाईट मी नाही घालवली.”

लोक हसले. देशमुख हसले नाहीत. ठराव झाला तो असा: बॅटरीवर चालणारा दुसरा पंप घ्यायचा, म्हणजे लाईट गेली तरी पाणी उपसलं जाईल. तो रोज तपासायची जबाबदारी नामदेवची. आणि पुन्हा तळघरात पाणी चढलं तर नामदेवनं खोली खाली करायची.

मी उठून भांडलो. म्हणालो, “पंप घ्यायला तुम्ही पाच वर्षं लावलीत आणि खोली याची जाणार?” देशमुख शांतपणे म्हणाले, “तुमचं म्हणणं तोंडी आहे. तोंडी चालत नाही. जे वहीत नाही, ते घडलंच नाही.”

मुलीची परीक्षा मार्चमध्ये होती. सबंध पावसाळा मधे पडला होता.

* * *

पंप बसवायला काळेवाडीचे सलीमभाई आले. बॅटऱ्या आणि पंप यांच्यात त्यांचं आयुष्य गेलंय. आल्याआल्या त्यांनी बघ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “ज्याला जवळ यायचंय त्यानं अंगठी, कडं, घड्याळ काढायचं. नाहीतर जिन्यात उभं राहायचं.”

देशमुखांच्या बोटात पुष्कराज होता. ते म्हणाले, “गुरुजींनी ही काढू नका म्हणून सांगितलंय.”

“मग गुरुजींना बोलवा साहेब. बॅटरीला ते हात लावतील.”

आणि त्यांनी स्वतःचं बोट दाखवलं. मुळाशी गोल पांढरा वण होता. पाना निसटून एकीकडे बॅटरीच्या टोकाला आणि दुसरीकडे अंगठीला टेकला होता. “चांदीची होती. अर्ध्या सेकंदात लाल. निकाहची होती म्हणून काढली नव्हती. बायको म्हणाली, आता बोट राहिलंय तेवढं पुरे.”

देशमुखांनी अंगठी काढून खिशात ठेवली.

सलीमभाईंनी नामदेवला समोर बसवून तीनदा वदवून घेतलं. आधी चार्जरचा प्लग काढायचा. मग काळी वायर सोडायची, नंतर लाल. जोडताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. पाणी जमतं त्या खड्ड्यात हात घालायच्या आधी दोन्ही पंप बंद, विजेवरचासुद्धा. “लाईट गेलीये म्हणून हात घालशील आणि तेवढ्यात लाईट येईल. ती काय तुला विचारून येणार आहे?” बॅटरी चार्ज होताना वायू सोडते, म्हणून तिच्याजवळ विडी नाही, दिवा नाही, उदबत्तीसुद्धा नाही.

शेवटी फ्लोट दाखवला. पाइपाला लागून एक उभी दांडी आणि तिच्यावर मोसंब्याएवढा प्लास्टिकचा गोळा. पाणी चढलं की गोळा दांडीवरून वर सरकतो आणि पंप सुरू होतो. “सगळी अक्कल या गोळ्यात आहे,” सलीमभाई म्हणाले. “हा मोकळा, तर तुम्ही मोकळे.”

* * *

दुसऱ्या महिन्यात बॅटरी मलूल झाली. तिच्यातलं पाणी कमी झालं होतं, ते चौथ्या मजल्यावरच्या जोश्यांनी आपण होऊन भरलं होतं. जोशी पेंट शॉपवाले, स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी घरच्या फिल्टरचं पाणी घातलं.

सलीमभाई म्हणाले, “बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. हे कुणी घातलं?”

जोशी पुढं आले. “अहो, चांगलं पाणी आहे. आम्ही तेच पितो.”

“तुमच्या पोटात शिशाच्या प्लेटा आहेत का?”

जोशींनी त्या दिवसापासून पंपात लक्ष घालणं बंद केलं. पंपाच्या तब्येतीला ते मानवलं.

* * *

मग वही आली. देशमुखांनी ती छापूनच आणली. तारीख, वेळ, ‘पंप तपासला का’, वॉचमनची सही, सेक्रेटरींची सही. ‘पंप तपासला का’ या रकान्यात प्रत्येक ओळीवर आधीच ‘होय’ छापलेलं होतं.

मी विचारलं, “हे काय?”

“वेळ वाचतो,” देशमुख म्हणाले. “कंपनीत असंच असायचं.”

मी आयुष्यभर सरकारी अहवाल वाचले. त्यांच्यातही ‘होय’ असतं, पण निदान पाहणी झाल्याचं नाटक करून मग लिहितात. आमच्या सोसायटीनं नाटकाचाही खर्च वाचवला होता. त्या रकान्याच्या जोरावर चाकणहून किती गाड्या रस्त्यावर आल्या असतील, या विचारानं मी आठवडाभर चालत फिरलो.

नामदेव मात्र अडून बसला. मला म्हणाला, “साहेब, पाणी वतल्याबिगर ‘होय’ खाली सही कशी करावं?”

“मग काय करतोस?”

“सलीमभाई म्हणले, बादली वतून बघायचं.”

आमच्याकडे देखभालीसाठी लाईट जाते ती बहुतेक गुरुवारी. त्या दिवशी लाईट गेल्यावर आणि एरवी रोज विजेवरचा पंप बंद करून नामदेव खड्ड्यात बादल्या ओतायचा. गोळा वर सरकायचा, पंप सुरू व्हायचा. मग बाहेर धावत जाऊन गटाराशी पाइपातून पाणी पडतंय का ते बघून यायचा, आणि छापील ‘होय’च्या शेजारी बारीक अक्षरात लिहायचा: ‘सात बादल्या. सुरू झाला. बाहेर पाणी आलं.’

अक्षर मुलीनं सुधारून दिलं होतं. देशमुख रोज संध्याकाळी उभ्या उभ्या सही करायचे. नजर सहीच्या जागेवर, बाकी पान त्यांच्या दृष्टीनं पास.

* * *

एकदा पंपाच्या बॅटरीच्या डब्यातून बारीक टुकटुक सुरू झाली. बॅटरीची वायर सैल झाली की तो तसा आवाज करतो. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. कुणी म्हणालं, गाडीचा रिव्हर्स हॉर्न आहे. कुणी म्हणालं, लिफ्टमध्ये बिघाड आहे. एका प्रेस शॉपवाल्यानं आवाज रेकॉर्ड करून कंपनीतल्या मित्राला पाठवला. मित्रानं कळवलं, कंप्रेसरचं बेअरिंग गेलंय. आमच्याकडे कंप्रेसरच नाही.

तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खाली जाऊन त्या डब्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली होती. दुपारची झोप होत नव्हती, म्हणाल्या.

नामदेवनं वहीत पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: ‘बॅटरीचा डबा वरडतो. वायर सैल.’ खाली देशमुखांची सही होती. सलीमभाईंनी येऊन टोकावरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, वायर आवळली, चिकटपट्टी काढली आणि जाताना मला म्हणाले, “पत्रकारसाहेब, तुमच्या इथं मशीन शहाणं आहे. त्याला कुणी बोलू देत नाही, एवढंच.”

* * *

पावसाळा असाच निभावला. नवरात्र आलं. खंडेनवमीला या पट्ट्यातलं प्रत्येक यंत्र देव होतं. कंपनीत प्रेसला हार, घरी स्कूटरला हार, मिक्सरला हळदकुंकू. देशमुखांनी तळघरात बॅटरीच्या पंपाची पूजा केली. सलीमभाईंचं ऐकून उदबत्ती मुद्दाम जिन्यात लावली, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं. पाइपाला झेंडूचा भरघोस हार घातला. प्रसाद वाटला. मीही पेढा खाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. देशमुखांनी मुहूर्तावर नवी गाडी आणली आणि तळघरात लावली. बॉनेटवर झेंडू, काचेवर स्वस्तिक. दुपारी पुरणपोळी पोटात उतरत असताना परतीचा पाऊस कोसळला आणि लाईट गेली.

मला खालून हाक ऐकू आली. गेलो तर तळघरात घोट्याच्या वर पाणी आणि बॅटरीचा पंप गप्प. देशमुख धोतर सावरत गाडीपाशी उभे होते. “नामदेव, संपलं तुझं,” एवढंच ते म्हणत होते.

नामदेवची बायको आणि मुलगी जिन्यात उभ्या होत्या. मुलीच्या हातात आपट्याची पानं होती, वाटायला निघालेली.

नामदेव पाण्यात उतरला नव्हता. पायरीवरून सलीमभाईंना फोन लावला होता. स्पीकरवर आवाज आला, “पाणी बोर्डाला लागलंय का?”

“नाही. बोर्ड छातीइतका वर हाय.”

“मग मीटरच्या खोलीतून तळघराची लाईन बंद कर. लाईट कधीपण येईल. बॅटरीचा स्विच बंद कर. दोन्ही झाल्याशिवाय खड्ड्याकडे जायचं नाही.”

नामदेवनं दोन्ही केलं. मग झाडूच्या दांड्याला विळा बांधला आणि खड्ड्याशी जाऊन काहीतरी कापून वर ओढलं. भिजलेला, जाडजूड झेंडूचा हार. पाइप आणि दांडी मिळून त्याला पक्क्या दोन गाठी मारलेल्या होत्या आणि गोळा त्यांच्याखाली अडकून बसला होता.

बॅटरीचा स्विच चालू केला. पंप घरघरला. अर्ध्या तासात फरशी दिसली. गाडीचे टायर ओले झाले, बाकी काही नाही.

पण ठराव तो ठराव. पाणी चढलं होतं. संध्याकाळी मीटिंग बसली. देशमुख म्हणाले, “हार पूजेचा होता, तो मी घातला हे मान्य. पण तपासणी कुणाची? त्यानं तपासलं असतं तर कालच कळलं असतं. खोलीची किल्ली टेबलावर ठेव.”

नामदेवनं किल्ली ठेवली.

मी म्हणालो, “जे वहीत नाही ते घडलंच नाही, हा तुमचा नियम. मग वही आणा.”

वही आली. मी खंडेनवमीचं पान काढलं आणि उभा राहून मोठ्यानं वाचलं:

‘पंप तपासला का: होय. पूजा झाल्यावर अकरा बादल्या वतल्या. पंप सुरू झाला नाही. हारात गोळा अडकला. हार सोडला. सुरू झाला. बाहेर पाणी आलं. सेक्रेटरी साहेब आले. म्हणले, पूजा झाल्यावर यंत्र चालवायचं नसतं, आज त्याला इसावा. हार त्यांनीच परत बांधला. दोन गाठी.’

खाली नामदेवची सही होती. तिच्या शेजारी देशमुखांची, तारखेसकट.

देशमुखांनी चष्मा पुसला, पान जवळ ओढून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग नामदेवकडे वळून म्हणाले, “अरे, पण गोळा अडकतोय हे तू मला तेव्हाच सांगायचं नाहीस का?”

नामदेवनं टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली.

“सांगितलं की साहेब. तुम्ही म्हणले, तोंडी चालत नाही. वहीत लिव्ह.”