पाहुण्याचं पान

आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सुप्रभाक्काशी वैर धरायचं असेल तर आधी आपलं आयुष्य किती उरलंय ते बघून घ्यावं. शेजारची भुवना एकदा, फक्त एकदा, म्हणाली होती की अक्काची डांगर पचडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, पातळ झालीय. त्यानंतर अकरा वर्षं ज्या ज्या पंगतीत अक्का वाढायला होती, तिथे भुवनाच्या पानावर पचडीची जागा कोरडी राहिली. बाकी सगळं वाढायची, तूपसुद्धा दोनदा. तालुका कचेरीत चौतीस वर्षं काढलेली बाई ती. शेरा मारल्याशिवाय प्रकरण बंद करणार नाही.

अशा बाईच्या वाटेला आमचे रघोजीराव गेले.

पोंगल झालं की दर वर्षी आम्ही चौघं म्हातारे, म्हणजे अक्का, रघोजीराव, प्रतापसिंह आणि मी, कालव्याच्या काठाकाठानं ओरत्तनाडूला चालत जातो. पंधरा मैल. जेवण मुक्तांबाळ छत्रमच्या बाहेर, झाडाखाली. छत्रम म्हणजे वाटसरूला जेवू घालायची जागा, म्हणून आमचा आपला एक नियम: जो चालत पोचेल तो वाढणार, जो चाकांवर येईल तो पाहुणा. पाहुण्याला पहिलं पान, वर सगळ्यांचा आग्रह, आणि पुढे वर्षभर थट्टा.

गेल्या वर्षी निम्म्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर रघोजीराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अक्का, पुढचा पूल पडलाय म्हणे. तुम्ही डबे घेऊन ह्या बसनं पुढे व्हा, आम्ही मागच्या बसनं आलोच." ती भोळेपणानं डबे मांडीवर घेऊन गेली. आम्ही तिघं धडधाकट पुलावरून चालत पोचलो. मला ठाऊक होतं का? होतं. हसलो का? प्रतापसिंहांपेक्षा थोडं कमी.

वर्षभर रघोजीराव भर बाजारात हाक मारायचे, "या, पाहुणीबाई!" शेवटी तमिळ भाजीवालीनंही ते उचललं, जिला मराठीचा दुसरा एक शब्द येत नाही. चौतीस वर्षं जिला लोक उठून नमस्कार करायचे, ती मुळे घेताना पाहुणीबाई झाली.

अक्का रोज पहाटे मोठ्या देवळाच्या कोटाभोवती फेऱ्या घालायला लागली. आधी तीन, मग सात.

यंदा त्याच टपरीवर तिनं चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "रघोजीराव, पुढचा पूल मोडलाय. मधली फरशी काढलीय. नारळीच्या बागेतून वळसा घ्यायला हवा."

एवढं बोलून ती हसली. हलकंसं, ओठांच्या एका कोपऱ्यातून.

रघोजीरावांनी मांडीवर थाप मारली. "अय्यो अक्का! वर्षभर विचार करून हेच सुचलं? माझीच गोष्ट मलाच?"

"मी सांगायचं काम केलं."

"मी पुलावरूनच जाणार. छत्रमला तुमची वाट बघतो, पाहुणीबाई!"

धोतर खोचून ते कालव्याच्या काठानं निघून गेले. आम्ही दोघं घुटमळलो. अक्का मागे न बघता बागेकडे वळली, आणि काय सांगू, डबे तिच्याजवळ होते, म्हणून आम्हीही वळलो.

तासाभरानं प्रतापसिंहांचा फोन वाजला. रघोजीराव ओरडत होते, "पूल खरंच नाही हो! खाली पाणी धो धो चाललंय!"

अक्कानं फोन घेतला. "काल नातीच्या मोपेडवर बसून बघून आले होते. परत फिरा. सावकाश या, गुडघे सांभाळा."

परत टपरीपर्यंत येताना रघोजीरावांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. आम्ही छत्रमच्या झाडाखाली पानं मांडून बसलो होतो तेव्हा गावची बस थांबली. कंडक्टरनं हात धरून रघोजीरावांना उतरवलं.

अक्का पुढे गेली. दोन्ही हात जोडून म्हणाली, "या पाहुणे. दमला असाल, चाकांवर बसून."

पहिलं पान त्यांचं. चिंचेचा भात, वर भात, वर पोळी, पोळीवर पोळी.

"पुरे, अक्का!"

"लाजू नका. आमच्या घरी पाहुणा उपाशी जात नाही."

"खरं होतं, तर मग हसलात कशाला?"

"खरं बोलताना हसू नये, असा कुठे सरकारी हुकूम निघालाय?" आणि तिनं तिसरी पोळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवालीला 'पाहुणे' हा शब्द शिकवायला अक्का स्वतः गेली. चार वेळा म्हणून घेतला.

मी हे सगळं चवीनं सांगतोय खरं. पण त्या दिवशी शेवटी माझ्या आणि प्रतापसिंहांच्या पानावर अक्कानं भात वाढला, पोळी वाढली, तूप दोनदा वाढलं. पचडीचं भांडं आमच्यासमोरून तसंच पुढे गेलं.

मी त्र्याहत्तरचा आहे. अकरा वर्षं निघतील असं वाटत नाही.