मोरचूद पांढरा का पडतो

लेकीच्या क्लासच्या सरांना एकदा समोर बसवून विचारायचं होतं, "अहो, तुम्ही शिकवता की पाढे म्हणून घेता?" वेस्ट मांबलमच्या त्या क्लासची रीतच तशी. सर प्रश्न टाकणार आणि बारावीची सगळी पोरं एका सुरात ओरडणार. कॉपर सल्फेट निळं का? डी-डी ट्रान्झिशन! निकेल सल्फेट हिरवं का? डी-डी ट्रान्झिशन! ही म्हणे प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेची तयारी.

एकदा सराव घ्यायला बाहेरचे कुणी परीक्षक आले. त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, कॉपर सल्फेट तापवलं की पांढरं का होतं? हिने ठणकावून सांगितलं, डी-डी ट्रान्झिशन. अख्खा वर्ग हसला. घरी येऊन दप्तर आपटलं आणि म्हणाली, "मला केमिस्ट्री नको. मी बी.कॉम. करते."

परवापरवापर्यंत हिला केमिस्ट्रीतच बी.एस्सी. करायचं होतं! माझं डोकंच फिरलं. नवऱ्याच्या नोकरीमागे मी सांगलीहून इथे आले, तमिळ जमेना म्हणून शिकवणं सुटलं, पण केमिस्ट्रीतली एम.एस्सी. काय पाण्यात गेली? आईला विचारावं, हे काही हिच्या मनात येत नाही. आई फक्त डबा भरायला.

दुसऱ्या दिवशी टी. नगरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मोरचूद आणला, म्हणजे तेच ते कॉपर सल्फेट. जुन्या पळीत घालून गॅसवर धरला.

"आई, हे पोर्शनमध्ये नाही."

"खड्ड्यात गेला पोर्शन! इकडे बघ."

निळे खडे पांढरे पडले. गार झाल्यावर वर पाण्याचे थेंब टाकले, तर पुन्हा निळे. तांबं तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच. बदललं काय? पाणी. मी म्हटलं, "आपल्या वेलचेरीत एरवी सगळे मजले सारखेच. पावसाळ्यात पुराचं पाणी शिरलं की तळमजला वेगळा आणि वरचा वेगळा. तसंच हे. पाण्याचे रेणू भोवती आले की तांब्याच्या डी-कक्षा सारख्या राहत नाहीत, वरखाली होतात. खालचा इलेक्ट्रॉन तांबडा-नारिंगी प्रकाश घेऊन वर जातो आणि आपल्याला उरलेला निळा दिसतो. हेच तुमचं डी-डी ट्रान्झिशन. पाणी गेलं की ते अंतर इतकं कमी होतं, की दिसणाऱ्या प्रकाशाची त्याला गरजच पडत नाही. म्हणून पांढरा."

ती हसली. मग म्हणाली, "अय्यो, एवढंच? मग हे सर का नाही सांगत?" मोरचूद विषारी, म्हणून पळी मी फेकून दिली, पण त्या दिवसापासून प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. भाजी करपली तरी मी उत्तरं देत होते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. ती बाहेर आली ती लालबुंद होऊनच.

"काय गं, चुकलं?"

"चुकायला विचारलं कुठे काय! म्हणे, कॉपर सल्फेटचा रंग कुठला? मी म्हटलं, निळा. तर म्हणे, नेक्स्ट. 'का' विचारलंच नाही, आई! मी तिथेच उभी राहिले, तर म्हणाले, झालं, जा. पूर्ण मार्क."

घरापर्यंत शेअर ऑटोत ती धुमसत होती आणि मी त्या परीक्षकाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. उतरताना तिने माझा हात धरला.

"बी.एस्सी.लाही असंच असलं तर गं?"