माझ्या स्विंगचा व्हिडिओ

गेल्या शनिवारी बाबांना परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. लवकर मोकळे झालो आणि जवळच माझा गोल्फचा स्लॉट बुक होता... म्हटलं, लालबागला सोडून परत येण्यापेक्षा बाबांनाच सोबत नेऊ.

हो, गोल्फ! हसून घ्या. चाळीत रबरी बॉलने क्रिकेट खेळून मोठा झालेला मी, पण कंपनीचा गोल्फ डे जवळ आलाय आणि माझं प्रमोशनही... डायरेक्टर मॅडमसमोर नुसती हवेत काठी फिरवून भागणार नव्हतं.

ही जागा म्हणजे एका काचेच्या टॉवरमधला सिम्युलेटर. समोर भिंतभर स्क्रीन, त्यावर हिरवंगार मैदान, चारही बाजूंनी कॅमेरे. बॉल मारला की त्याच्या आधीचं-नंतरचं सगळं स्क्रीनवर परत दिसतं... एकदा आवाजासकट जसंच्या तसं, मग स्लो मोशनमध्ये. खांदा कुठे चुकला, मनगट कुठे मोडलं, कोच रेघा मारून दाखवतो. माझा तर बॉल जागेवरच असतो आणि मी तो कुठे गेला ते बघत असतो.

हा टॉवर बाबांच्या मिलच्या जागेवर उभा आहे. बाबा तिथे कापड विणायच्या खात्यात होते. संपानंतर ती मिल काही नीट चालली नाही आणि बाबांनी भायखळ्याच्या मार्केटात गोण्या उचलून आम्हाला शिकवलं. हे सगळं मला माहीत आहे, पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

बाबांना मात्र गेटपाशीच कळलं. "हंयसरच आमचा खाता होता रे," एवढंच म्हणाले.

आणि सिम्युलेटरच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला... पाळीवर जाताना खात्यात शिरण्याआधी करायचे, अगदी तसं. मग त्या हिरव्या कार्पेटच्या कडेला अनवाणी उभे राहिले. मी हळूच म्हटलं, "बाबा, चपला घाला ना, लोक बघतायत." त्यांचं लक्षच नव्हतं, ते वर छताकडे बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या सिम्युलेटरमधून कोण यावं... डायरेक्टर मॅडम! बाबांकडे बघून छान हसल्या. म्हणाल्या, "काका तुमच्याबरोबर का?"

त्यांच्या विचारण्यात काहीही वावगं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. आणि मी म्हणालो, "आमच्या बिल्डिंगमधले आहेत. एकटेच असतात, म्हणून डॉक्टरकडे घेऊन आलो."

मॅडम म्हणाल्या, "किती छान!" मी ते कौतुकही घेतलं. बाबा लांब दाराशी होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं... मी सुटलो असं वाटून बॉल मारला.

मग रिप्ले सुरू झाला. भिंतभर मी, आणि स्पीकरवर माझा खणखणीत आवाज... "आमच्या बिल्डिंगमधले आहेत. एकटेच असतात..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कोच बिचारा सांगत होता, सर, इथे तुमचं लक्ष नाहीये. मॅडमनी सहज विचारलं, "काका, कसा वाटला शॉट?"

बाबा घरी मालवणीशिवाय बोलत नाहीत. त्या दिवशी ते स्वच्छ शुद्ध मराठीत म्हणाले, "छान खेळतात हे. स्वभावानंही चांगले आहेत, आम्हा शेजाऱ्यांची काळजी घेतात." मग माझ्याकडे वळले. "तुमचं चालू द्या. मी बाहेर थांबतो."

माझ्या बापाने मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही.

तेव्हा तरी बोलायचं ना मी? नाही बोललो. उलट स्लॉट संपेपर्यंत खेळत राहिलो, कारण मॅडम बघत होत्या. बाहेर बाबा चपला घालून गेटपाशी उभे होते. टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी मोबाईलमध्ये.

घरी आईने विचारलं, एवढा उशीर का? बाबा म्हणाले, "झिलान माका आमची मिल दाखवल्यान." शेजारच्या काकूंनाही बोलावून सांगितलं... माझा झिल थंय खेळता! मी आत जाऊन नुसता बसून राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काल जेवताना माफी मागितली. "गप जेव," म्हणाले आणि स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा माझ्या ताटात टाकला. त्यांनी विषय संपवला... माझा संपत नाहीये.

कोचने तो व्हिडिओ मला पाठवलाय. काही न कापता, आवाजासकट, खाली टाकतोय. माझा स्विंग बघू नका. आणि मॅडम, तुम्ही इथे आहात, वाचालच... मागे दाराशी उभे आहेत ना, ते माझे वडील आहेत.